रुळलेल्या विचारांतून बाहेर पडायच्या नेमक्या पद्धती

रानवाटा (धागाकर्ती)

"जरा वेगळा विचार करा" हा सल्ला कुणाच्याच उपयोगी पडत नाही, कारण त्यात काय करायचं ते सांगितलेलंच नसतं. या धाग्यात कागद-पेन्सिल घेऊन करता येतील अशा युक्त्याच जमवूया: कशी करायची, कुठे फसते आणि का फसते.

सुरुवात पाण्याच्या मापांपासून. अब्राहम लुचिन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. अ, ब, क अशी तीन मापं आहेत, त्यांच्यावर मधल्या खुणा नाहीत, पाणी हवं तेवढं आहे. भरून, ओतून, काढून सांगितलेलं पाणी उरवायचं. खाली वाचण्याआधी क्रमाने सोडवा, उडी मारू नका.

१) अ २१, ब १२७, क ३. हवं १००
२) अ १४, ब १६३, क २५. हवं ९९
३) अ १८, ब ४३, क १०. हवं ५
४) अ ९, ब ४२, क ६. हवं २१
५) अ २०, ब ५९, क ४. हवं ३१
६) अ २३, ब ४९, क ३. हवं २०
७) अ १५, ब ३९, क ३. हवं १८
८) अ २८, ब ७६, क ३. हवं २५

पहिली पाचही एकाच रीतीने सुटतात: ब भरा, त्यातून एकदा अ आणि दोनदा क काढा. सहावं आणि सातवंही तसंच सुटतं, म्हणून बहुतेक जण तसंच सोडवतात. पण सहाव्यात २३ मधून ३ काढले की झालं, आणि सातव्यात १५ आणि ३ ची नुसती बेरीज आहे. ब ला हात लावायची गरजच नाही. आठव्यात जुनी रीत चालत नाही, तिने ४२ येतात, आणि इथे बरेच जण "हे सुटत नाही" म्हणून सोडून देतात. ज्यांना पहिली पाच दिलेलीच नसतात त्यांना २८ वजा ३ सहज दिसतं.

हा मठ्ठपणा नाही. मन श्रम वाचवतं, आणि एरवी ते फायद्याचंच असतं. अडचण एवढीच की चालणारी रीत मिळाली की शोध थांबतो, आणि शोध थांबला आहे हे आपल्याला कळत नाही. लुचिन्सने काही जणांना सहाव्याच्या आधी कागदावर "आंधळेपणा करू नका" असं लिहायला लावलं. काहींना त्याचा उपयोग झाला, बरेच तरीही जुन्याच रीतीने गेले. सूचना मिळते इच्छेला, पण नजर जिथे जायची तिथेच जाते.

म्हणून माझा मुद्दा असा: पहिल्या उत्तरात ज्या गोष्टीवर सगळा भार आहे, ती गोष्ट काढून घ्या. मी याला बंदी म्हणते. पायऱ्या:

- पहिलं उत्तर पूर्ण लिहून काढा. डोक्यात ठेवलं तर ते पुन्हा पुन्हा पुढे येतं.
- त्यातला कणा कोणता ते ओळखा. मापांच्या गणितात तो ब.
- तो वापरायचाच नाही असं धरून पुन्हा सोडवा. आता हातात फक्त अ आणि क. सहाव्यात साध्या शक्यता दोनच: २६ किंवा २०. उत्तर समोर उभं.
- नवं उत्तर मिळालं नाही तर बंदी उठवा. पहिलं उत्तर लिहिलेलं आहेच, गमावलं काही नाही.

चूक होते ती दुसऱ्या पायरीवर. लोक कण्याऐवजी किरकोळ तपशिलावर बंदी घालतात, आणि मग तीच रीत थोडी रंग बदलून परत येते.

इतर क्षेत्रांतल्या जाणकारांनी भर घालावी.

---

अडीचघर

छान धागा. बुद्धिबळात हे अगदी मोजून दाखवलेलं आहे. मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००८ मध्ये तयार खेळाडूंना एक डाव दिला. त्यात वजिराचा बळी देऊन, स्वतःच्याच सोंगट्यांत कोंडलेल्या राजाला घोड्याने मात देण्याची सगळ्यांना पाठ असलेली पाच चालींची रीत होती. त्याच पटावर तीन चालींची मातही होती. बहुतेकांना पाच चालींची लगेच दिसली आणि तीन चालींची दिसलीच नाही.

खरी गंमत नजरेच्या नोंदीत आहे. खेळाडू प्रामाणिकपणे म्हणत होते की आम्ही आणखी चांगली चाल शोधतोय. डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारं यंत्र मात्र दाखवत होतं की नजर पाठ असलेल्या रीतीच्याच घरांभोवती फिरते आहे. आणि रानवाटाताईंच्या बंदीला पुरावा म्हणावा असा भाग पुढे आहे: पटावरचा एक उंट हलवून पाच चालींची मात अशक्य केली, तेव्हा तशाच दर्जाच्या खेळाडूंना तीन चालींची मात सापडली. खेळाडूची पातळी जितकी वरची, तितका हा परिणाम कमी. पण चांगले क्लब खेळाडू पुरते अडकले.

कोडी सोडवणाऱ्यांसाठी कृती:

चाल सापडली की ती कागदावर लिहा आणि पटावरून नजर काढा, पाच-दहा सेकंद. परत आल्यावर त्या चालीतली सोंगटी बांधलेली आहे असं धरा. मग क्रमाने तीन याद्या: सगळे शह, सगळे मार, सगळ्या धमक्या. "सगळे" म्हणजे मूर्खपणाचे वाटणारे शहसुद्धा. याद्या पुऱ्या होईपर्यंत एकाही चालीचा खोल हिशोब करायचा नाही.

फसतं कुठे, तर पहिल्या शहाशीच हिशोब सुरू होतो आणि यादी अर्धी राहते. दुसरी चूक जास्त फसवी आहे: "दुसरी चाल शोधतोय" असं म्हणत माणूस पहिल्याच चालीची पुन्हा पडताळणी करत असतो. ओळखायची खूण सोपी. पाच मिनिटांत यादीत नवी सोंगटी आली नसेल, तर तुम्ही शोधत नाही, तपासताय.

---

मीनल_०७

वाचनखूण साठवली. आठव्या गणितावर मी खरंच अडकले! एक शंका: नऊ ठिपके चार रेघांत जोडायचं कोडं असतं ना, त्यात "चौकटीबाहेर जा" एवढं सांगितलं की सुटतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग सूचनेने काम होतंच की?

---

रानवाटा

@मीनल, तसं होत नाही, आणि हे तपासलेलं आहे. रॉबर्ट वाइसबर्ग आणि जोसेफ आल्बा यांनी १९८१ मध्ये लोकांना स्पष्ट सांगितलं की रेघा ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर न्याव्या लागतील. तरीही फार थोड्यांनाच सुटलं. बाहेर जायचं हे कळलं, पण बाहेर जाऊन वळायचं कुठे ते कळेना.

आधी उत्तर सांगते. वरच्या डाव्या ठिपक्यापासून वरच्या ओळीवरून उजवीकडे जा आणि तिसऱ्या ठिपक्याच्या पुढे आणखी एका ठिपक्याएवढं अंतर जा. तिथून तिरपं खाली डावीकडे: मधल्या ओळीचा उजवा ठिपका, खालच्या ओळीचा मधला ठिपका, आणि त्याच दिशेने पुढे, पहिल्या उभ्या ओळीच्या खाली एक अंतर. तिथून सरळ वर, डाव्या उभ्या ओळीचे तिन्ही ठिपके घेत. वरच्या टोकाहून तिरपं खाली उजवीकडे: मधला आणि शेवटचा. झाले नऊ.

दोन्ही बाहेरची वळणं अशा जागी आहेत जिथे ठिपकाच नाही. अडतं ते इथे. ठिपक्यांची रांगोळी काढणारा हात तर ठिपक्याच्या आधारानेच वळायला तयार झालेला असतो. ट्रिना केर्शॉ आणि स्टेलन ओल्सन यांनी २००४ मध्ये लोकांना आधी ठिपका नसलेल्या जागी वळण घेण्याचा सराव दिला, त्यानंतर कोडं सुटण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे "बाहेर जा" ही घोषणा कमी पडते. नेमका कोणता न लिहिलेला नियम तुम्ही पाळताय तो शोधून त्याविरुद्ध हात वळवावा लागतो.

घरी करून पाहायचं तर कोऱ्या कागदावर ठिपके द्या आणि अट घाला: पहिली रेघ ठिपक्यावर संपता कामा नये.

---

लेथवाला

आमच्या डिझाइनच्या कामातून भर घालतो. इथे अडकण्याचं कारण वेगळं असतं: वस्तूचं नाव. नावाबरोबर तिचा उपयोग चिकटून येतो आणि बाकीचे गुण झाकले जातात.

कार्ल डुंकरचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका. मेणबत्ती भिंतीवर अशी लावायची की पेटल्यावर मेण खाली सांडणार नाही. उत्तर: खोका रिकामा करून टाचण्यांनी भिंतीला ठोका आणि त्यावर मेणबत्ती उभी करा. खोका टाचण्यांनी भरलेला दिला की तो लोकांना टाचण्या ठेवायची जागाच वाटतो. रिकामा करून, टाचण्या शेजारी ठेवून दिला की कितीतरी जास्त जणांना सुटतं. सॅम ग्लक्सबर्गने १९६२ मध्ये त्यावर पैशाचं बक्षीस लावलं, तर भरलेल्या खोक्याच्या गटाला उलट जास्त वेळ लागला. ज्यांचं वर्कशॉप आहे त्यांनी हे ध्यानात ठेवावं: अडकलेल्या माणसावर दडपण वाढवलं की तो त्याच वाटेने जोरात पळतो.

उपाय म्हणून टोनी मॅकॅफ्रीची २०१२ मधली पद्धत मला सगळ्यात कामाची वाटते. वस्तूचे भाग पाडत जायचं आणि प्रत्येक भागाच्या नावाला दोन प्रश्न विचारायचे:

याचे आणखी तुकडे होतात का?
या नावात उपयोग लपलाय का?

दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर नाव बदला आणि फक्त द्रव्य, आकार, माप लिहा. त्याच्या प्रयोगात दोन पोलादी कड्या, एक मेणबत्ती, एक काडी आणि पोलादाचा एक घन होता. कड्या एकमेकींना पक्क्या जोडायच्या. मेणाने त्या टिकत नाहीत. "वात" म्हटलं की जळायची वस्तू दिसते. "पिळलेल्या तंतूंची लांब दोरी" म्हटलं की घनाच्या धारेने मेण खरवडून वात मोकळी करायची आणि कड्या तिने बांधायच्या, हे सुचतं. पद्धत शिकवलेल्या गटाने न शिकवलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त कोडी सोडवली.

आता आपल्याकडची वस्तू घेऊ. नारळाची करवंटी. "करवंटीचे उपयोग लिहा" म्हटलं तर डवली, वाटी, भिकेचं पात्र, पणती, पाणी प्यायचा पेला असं येतं. पाच उपयोग, पण सगळे "खोलगट भांडं" या एकाच खणातले. आता उपयोगाचं नाव न घेता लिहा:

- द्रव्य: कठीण, लाकडासारखं, पाणी झिरपत नाही, जळतं, जळून चांगला कोळसा होतो, घासलं की चकाकी येते
- आकार: साधारण अर्धगोल, बाहेर खरखरीत, कड धारदार
- माप: तळहातात मावणारी, काही मिलिमीटर जाडीची
- भाग: एका अर्ध्या भागावर तीन डोळे, त्यातला एक मऊ, काडीने टोचला तरी भोक पडतं

प्रत्येक ओळ नवा खण उघडते. "कठीण, चकाकी येते" मधून बटणं आणि दागिने. "जळून कोळसा" मधून पाणी गाळायचा सक्रिय कोळसा. "मऊ डोळा" मधून आपोआप भोक असलेली रोपांची कुंडी, ज्यातून जादा पाणी निघून जातं. "झिरपत नाही, तळहाताएवढी" मधून रबराच्या बागेत झाडाला बांधलेला चिकाचा कप. केरळात हा वापर जुना आहे.

जे.पी. गिल्फर्ड या मानसशास्त्रज्ञाच्या, वस्तूचे उपयोग लिहायच्या चाचणीत म्हणूनच उत्तरांची संख्या वेगळी मोजतात आणि खणांची संख्या वेगळी. लवचिकता म्हणजे खण. वीस उत्तरं एका खणात असतील तर लवचिकतेचा गुण एकच.

लोक चुकतात ते इथे: भागांची नावं लिहिताना "दांडा", "झाकण", "मूठ" लिहितात. ही सगळी उपयोगाचीच नावं आहेत. "१५ सेंटिमीटर लांब, दंडगोल, लाकडी" असं लिहा. कंटाळवाणं वाटतं, पण काम तोच कंटाळवाणा भाग करतो.

आणखी एक इशारा. नवं डिझाइन मागताना नमुना दाखवू नका. डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ मध्ये न सांडणारा कॉफीचा कप डिझाइन करायला दिला, नळी वापरू नका असं सांगितलं, आणि काहींना नमुना म्हणून नळीवालाच कप दाखवला. नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांत नळ्या आल्याच. दोष सांगूनही नमुना उतरतोच.

---

शब्दवेडा

बंदीचा जुना आणि सुंदर मराठी नमुना म्हणजे कवी मोरोपंत (१७२९–१७९४). बारामतीला बसून त्यांनी एकच रामकथा पुन्हा पुन्हा, दर वेळी नवी अट घालून लिहिली. निरोष्ठ रामायणात ओठांची अक्षरं, म्हणजे प, फ, ब, भ, म, वर्ज्य. विचार करा, "राम" हे नावच लिहिता येत नाही! सवयीने येणारा पहिला शब्द अटीने कापला जातो आणि कवीला कोशाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागतं.

रोजच्या अडचणींना ही युक्ती अशी लावता येते. अडचण एका वाक्यात लिहा. त्यातलं मुख्य नाम खोडा आणि ते न वापरता, त्याचा समानार्थी शब्दही न वापरता, तीच अडचण तीन वाक्यांत लिहा.

"मला व्यायामाला वेळ मिळत नाही." वेळ, सवड, फुरसत, सगळं बाद. मग काय उरतं? "सकाळी साडेसहाला डबा करायला घेते. संध्याकाळी घरी येते तेव्हा पाय दुखत असतात. रविवारी दुपारी झोपते." आता तीन वेगळ्या अडचणी दिसतात, आणि दुसरीचा घड्याळाशी काही संबंध नाही, ती थकव्याची आहे. तिचा उपाय वेगळा.

खोडलेला शब्द अमूर्त असला तरच हे चालतं: वेळ, पैसा, पाठिंबा, शिस्त, आत्मविश्वास. "गॅस शेगडी" खोडून काही मिळत नाही.

---

सावली

समुपदेशनाच्या बाजूने लिहिते. वरचं सगळं आवडलं, पण एक रेघ इथे ठळक ओढायला हवी. उत्तरावर बंदी घालता येते, विचारावर नाही.

डॅनियल वेगनरने १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. आला तर घंटा वाजवायची. घंटा वाजत राहिली. नंतर विचार करायची मुभा दिली, तेव्हा सुरुवातीपासून मुभा असलेल्यांपेक्षा या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. म्हणून "तो विचार करायचाच नाही" ही बंदी कुणी स्वतःवर घालू नये.

मनाला जाळणारा तोच तो विचार दोन तऱ्हांचा असतो: पुढच्याची काळजी आणि मागच्याचा रवंथ. रवंथाची अडचण ही की तो करताना आपण प्रश्न सोडवतोय असंच वाटतं. ओळखायची कसोटी: दहा मिनिटांनी कागदावर नवी माहिती किंवा पुढची एक कृती उतरली का? नसेल, तर तो रवंथ आहे.

त्यावर तीन गोष्टी करता येतात.

"का"चं "कसं" करणं. एडवर्ड वॉटकिन्स यांच्या कामाचा हा गाभा आहे. "माझंच असं का होतं?" हा प्रश्न वर वर, अधिकाधिक अमूर्त होत जातो आणि शेवटी "मीच नालायक" इथे पोचतो. त्याऐवजी: हे कुठे, किती वाजता झालं? कोण नेमके कोणते शब्द बोललं? त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं? पुढच्या वेळी माझं पहिलं वाक्य कोणतं असेल? उत्तरं इतकी बारीक हवीत की दुसऱ्या कुणाला तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा करता यावा. "मीटिंगमध्ये अपमान झाला" हे चालणार नाही. "माझं तिसरं वाक्य चालू असताना ते म्हणाले, हे नंतर बघू" हे चालेल.

दुसरे अर्थ लावणं. इथे लेथवाले सरांचे खण जसेच्या तसे लागू पडतात. समजा, काल संध्याकाळी वरिष्ठांना पाठवलेला मेसेज वाचला गेला आणि उत्तर नाही. मनाने पहिला अर्थ लावला: माझ्यावर नाराज आहेत. तीन मिनिटांचं घड्याळ लावा आणि किमान सहा दुसरे अर्थ लिहा. मग शेजारी खण लिहा:

- माझं काम आवडलं नाही (माझ्याबद्दल)
- मी जास्त लांब लिहिलं (माझ्याबद्दल)
- घरी काही अडचण असेल (त्यांच्याबद्दल)
- निर्णय त्यांच्या हातात नाही, वरून येईल (कामाच्या रचनेबद्दल)
- गाडीत वाचला, नंतर लिहू म्हणून राहिला (प्रसंगाबद्दल)
- मेसेजमध्ये प्रश्नच नव्हता, नुसती माहिती होती (मेसेजबद्दल)

शेवटचा अर्थ पाहा. तो तपासता येतो, मेसेज उघडून. असा एक तरी तपासता येणारा अर्थ मिळाला की रवंथाला बाहेरची वाट मिळते.

चुका दोन. सहाही अर्थ "माझ्यावर रागावलेत" याचीच रूपं असतात; तेव्हा खण मोजून पाहा, किमान तीन हवेत. दुसरी चूक म्हणजे गोड गोड अर्थ लिहून त्यावर विश्वास ठेवायचा आटापिटा. विश्वास ठेवायची गरज नाही. पहिला अर्थ हा *एक* अर्थ आहे एवढं कागदावर दिसलं तरी पुरे.

काळजीची वेळ ठरवणं. थॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत. रोज तीच वेळ, तीच जागा, अर्धा तास. दिवसभरात काळजी आली की चिठ्ठीवर एक ओळ लिहायची आणि हातातल्या कामाकडे परतायचं. ठरलेल्या वेळी चिठ्ठी काढून त्या काळज्यांवर मन लावून विचार करायचा. मी त्यात एवढंच जोडते की दोन ढीग करा: उद्या काही करता येईल अशा, आणि करता येणार नाही अशा. पहिल्या ढिगातल्या प्रत्येकीपुढे एक कृती. जागा अंथरूण नको आणि वेळ झोपेच्या तोंडावर नको, नाहीतर अंथरुणाशी काळजीचं नातं जुळतं.

आता मर्यादा. कडी लावली का, हात स्वच्छ झाले का, अशा मंत्रचळाच्या विचारांना "दुसरे अर्थ" ही युक्ती लावू नका. तिथे अर्थ शोधणं हाच एक विधी होऊन बसतो आणि आजार वाढतो. त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञाकडून घ्यायचे वेगळे उपचार आहेत. तसंच दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटणं, झोप आणि भूक बिघडणं, जगण्यावरून मन उडणं असेल तर कागदावरच्या युक्त्यांवर थांबू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

---

मीनल_०७

सावलीताई, चिठ्ठीवर लिहिलं तरी तो विचार पाच मिनिटांनी परत येतो. मग परत लिहायचं?

---

सावली

@मीनल, तोच विचार असेल तर नवी ओळ नको, जुन्या ओळीपुढे एक उभी रेघ मारा आणि कामाकडे वळा. विचार येऊ नये हा हेतूच नाही. आल्यावर त्याच्यामागे किती लांब जायचं एवढंच आपल्या हातात आहे. दोन गोष्टी सांभाळा: ओळ दहा-बारा शब्दांच्या वर गेली की चिठ्ठीवरच रवंथ सुरू होतो. आणि ठरलेली वेळ चुकवू नका, अगदी "आज काही वाटत नाही" असं असलं तरी. वेळ पाळली जात नाही असं मनाला दिसलं की ते पुढे ढकलायला तयार होत नाही.

---

ओंकार_ठाणे

सोसायटीच्या सभेत पार्किंगवर वर्षानुवर्षं तेच तीन मुद्दे आणि तेच तीन वक्ते. गटासाठी काही आहे का? "ब्रेनस्टॉर्मिंग" करून पाहावं म्हणतो.

---

लेथवाला

@ओंकार, तोंडी ब्रेनस्टॉर्मिंग नको. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली कल्पना धरून बसतात, तोवर ती विसरतात किंवा गिळतात. मिशाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवलं की गटात कल्पना कमी पडण्याचं मुख्य कारण हेच, पाळीची वाट पाहणं.

त्याऐवजी ६-३-५. बेर्न्ड रोरबाख याने १९६८ मध्ये मांडलेली लेखी पद्धत. ६ माणसं, प्रत्येकाने ३ कल्पना, ५ मिनिटांत. प्रत्येकाला आडवा ए-४ कागद, त्यावर ३ रकाने आणि ६ ओळी. पाच मिनिटं झाली की कागद उजवीकडच्याला द्यायचा. तो वरचं वाचतो आणि खाली आपल्या तीन लिहितो: आधीच्या पुढे नेलेल्या किंवा अगदी नव्या. सहा फेऱ्या, अर्धा तास, कागदावर १०८ नोंदी.

पुनरुक्ती खूप असते, त्यामुळे खऱ्या वेगळ्या कल्पना बऱ्याच कमी निघतात. तरी सभेपेक्षा पुष्कळ. काय सांभाळायचं:

प्रश्न "पार्किंगचं काय करायचं?" असा ठेवला तर तेच तीन मुद्दे येतील. "रात्री १० ते सकाळी ७ पाहुण्यांच्या गाड्या कुठे उभ्या राहतील?" असा ठेवा. दुसऱ्या दिवशी दिवसाच्या रिकाम्या जागांचा वेगळा प्रश्न. नेहमीचे तीन मुद्दे फळ्यावर आधीच लिहून टाका: हे आम्हाला माहीत आहेत, कागदावर नकोत. रानवाटाताईंची बंदी तीच. कागदावर नावं नकोत. आणि निवड त्याच बैठकीत करू नका. निवडायचं आहे हे माहीत असलं की लोक लिहितानाच चाळणी लावतात.

---

अडीचघर

यादृच्छिक शब्दाच्या युक्तीबद्दल कुणी लिहिलं नाही. एडवर्ड डी बोनोची: शब्दकोश उघडायचा, बोट ठेवायचं, निघालेल्या नामाशी प्रश्न जोडायचा. माझं मत फारसं चांगलं नाही. लोक आवडता शब्द येईपर्यंत पानं उलटतात.

---

शब्दवेडा

@अडीचघर, नियम पाळले तर चालते. पान क्रमांक आणि ओळ आधी ठरवा, मग कोश उघडा. क्रियापद आलं तर पुढचं पहिलं नाम. शब्द बदलायचा नाही. थेट प्रश्नाला जोडायचं नाही. आधी शब्दाचे पाच गुण लिहा. समजा "चाळणी" आला: भोकं एका मापाची, हलवावी लागते, वरचं आणि खालचं दोन्ही वापरात येतं, जाळी बदलता येते, ओलं पीठ अडकतं. आता पार्किंगला जोडा. "हलवावी लागते" मधून दर तिमाही फिरत्या जागा. "जाळी बदलता येते" मधून दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे नियम. शब्द अमूर्त निघाला, "न्याय" वगैरे, तर मात्र गुणच सापडत नाहीत, तेव्हा पुढचं मूर्त नाम घ्या.

---

अडीचघर

पाच गुणांची पायरी माहीत नव्हती. पटलं.

आणखी एक, सोडून देण्याबद्दल. अडल्यावर थोडा वेळ बाजूला ठेवल्याने फायदा होतो हे अनेक प्रयोग एकत्र तपासून दिसलेलं आहे, आणि मधल्या वेळात हलकं काम असलं तर चांगलं. पण आधी खरंच अडलेलं असावं लागतं. कागद कोरा असताना उठलं तर मनाकडे मुरवायला काही नसतं. चालण्याबद्दल मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना वस्तूंचे नवे उपयोग जास्त सुचतात, मात्र एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना चालण्याने मदत झाली नाही. म्हणून कल्पना हव्यात तर चाला, हिशोब पक्का करायचा तर बसा.

---

फळा_खडू

सातवीच्या वर्गावर मापांचा प्रयोग एका तासिकेत कसा घ्यावा? ४० मुलं आहेत.

---

रानवाटा

@फळा_खडू, ३५ मिनिटांत बसतो. वर्गाचे दोन गट करा, पण गट पाडले आहेत हे मुलांना कळू देऊ नका. छापील कागद दोन प्रकारचे. अर्ध्यांना १ ते ८. उरलेल्यांना पहिल्या पाचांच्या जागी साध्या बेरीज-वजाबाक्या, आणि त्यापुढे ६, ७, ८ तीच. कागद उलटे वाटा म्हणजे शेजाऱ्याचं दिसणार नाही.

आधी फळ्यावर एक सोपं करून दाखवा: २९ आणि ३ ची दोन मापं, हवं २०. मोठं भरून त्यातून तीन वेळा लहान काढा. हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर मुलं अडकतात ती मापांची कल्पना न कळल्यामुळे, आणि प्रयोग वाया जातो. प्रत्येक गणिताला अडीच मिनिटं, तुम्ही सांगाल तेव्हाच पुढचं. उत्तराबरोबर रीतही लिहायला लावा: "ब − अ − क − क" अशी. नुसतं २० लिहिलं तर कोणत्या वाटेने गेले ते कळत नाही.

घाई करू नका आणि "कोण आधी" अशी शर्यत लावू नका, शर्यतीत जुनी रीत आणखी घट्ट होते. गुणही देऊ नका. नंतर फळ्यावर दोन रकाने काढून हात वर करायला लावा: सहावं लांबच्या रीतीने किती, जवळच्या रीतीने किती, आठवं किती जणांनी सोडलं. दोन गटांचे आकडे शेजारी आले की कागद वेगळे होते हे सांगा. आठव्यावर अडलेल्या मुलांना त्याच वेळी ब वर बोट ठेवून झाकायला सांगा आणि पुन्हा एक मिनिट द्या.